कोरा बार

४ ऑगस्ट, रविवार

बाबांनी आज त्यांचं धनुष्य मला दिलं. समारंभ वगैरे काही नाही. जेवण झाल्यावर काळी पेटी टेबलावर ठेवली, मीठदाणी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "खांद्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा हे नुसतं पडूनच राहणार. तुझे-माझे हात सारखेच लांब आहेत. या हंगामाला तूच घे."

आई म्हणाली, "आर्लन, काहीतरी बोल की चार शब्द. पोराला पहिल्यांदा देतोयस."

बाबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "पेटीची उजवी कडी नीट लागत नाही."

काउंटीच्या रस्त्यांवर तीस वर्षं खडी सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवणारा माणूस असाच बोलायचा. खडी पसरावी तसं, जेवढ्यास तेवढं.

हरणांच्या शिकारीचा हंगाम चौदा सप्टेंबरला उघडतो. एकेचाळीस दिवस. फेब्रुवारीत कॉलेज सोडून घरी आल्यापासून पहिल्यांदाच दिवस मोजावेसे वाटताहेत. कॉलेजचं पत्र मे महिन्यापासून फ्रीजवर चुंबकाखाली लटकतंय. ते कोणी उघडलं नाही. मीही नाही. तिथले मास्तर मूर्ख होते हे मी सांगितलंय, तेवढं पुरे.

वही आजपासून सुरू. यात फक्त नेमबाजीच्या नोंदी ठेवायच्या. डेलाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

डेला आज हिरवा शर्ट घालून होती.

गुरुवारी संध्याकाळी सगळे गसकाकांच्या दुकानामागच्या मैदानात जमतात, फोमच्या हरणांवर बाण मारायला. गस कुबियाक म्हणजे डेलाचे वडील. उजवा डोळा नाही. नऊ वर्षांपूर्वी एकाने धनुष्य दुरुस्तीला आणून टाकलं. बाण नसतानाच दोरी सुटली होती, हे मात्र तो बोलला नाही. अशा वेळी बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्याच्या पात्यांत परत जाते आणि आत केसाएवढी चीर पडते. वरून काही दिसत नाही. गसकाकांनी तपासायला म्हणून ताण दिला आणि वरचं पातं तोंडावर फुटलं.

तेव्हापासून दुकानाचा एक नियम आहे. काउंटरवर धनुष्य ठेवलं की पहिला प्रश्न, "कोरा बार?" म्हणजे बाणाशिवाय दोरी सुटली होती का. मग तो पाद्री असो की शेरीफ. झाला असेल तर हो म्हणायचं. गसकाका बरणीतून कापसाचा बोळा काढतात आणि पात्यांवरून फिरवतात. चीर असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. कबूल करणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर जातं, पुढे दोन तारखा: बार कधी उडाला आणि कधी सांगितला. सगळ्यांच्या दोन्ही तारखा सारख्या आहेत, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. लोक त्या फळ्यापाशी उभे राहून एकमेकांची टिंगल करतात.

मी तीस यार्डांवरून सहापैकी पाच बाण बरोबर मारले. डेलाने पाहिले का ते कळलं नाही. ती व्हॅन्सच्या बाणांना पिसं चिकटवून देत होती. व्हॅन्स जंगल खात्यात आहे. दाढी आहे. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

११ ऑगस्ट, रविवार

हे लिहून ठेवतो आणि मग विसरतो.

संध्याकाळी शेडपाशी एकटाच मारत होतो. डोकं आधीच तापलेलं, कारण दुपारी डेलाला जत्रेला येतेस का विचारलं, तर म्हणाली, "अरे, आधीच ठरलंय रे." कोणाबरोबर ते सांगितलं नाही. बाण दोरीवर चढवला. शेपटीची खाच दोरीवर बसली की टक् असा आवाज होतो. बाबांनी लहानपणी शिकवलेलं, टक् ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही. मी ऐकलं नाही. पूर्ण ताण दिला आणि तेवढ्यात खालच्या रस्त्याने व्हॅन्सची निळी गाडी गेली. खिडकीत हिरवा शर्ट. ती हसत होती, मान मागे टाकून.

मी मान वळवली. बाण कधी घसरून पडला कळलंच नाही. बोट मनगटाला बांधलेल्या खटक्यावर होतं; दोरी त्यातच अडकवून ओढतो, आणि दाबला की सुटते.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कोणीतरी सुकी फळी गुडघ्यावर मोडावी तसा. हात खांद्यापर्यंत बधिर झाला. बाण माझ्या बुटावर पडला होता, आणि धनुष्य माझ्या हातात थरथरत होतं.

दोरी जागेवर आहे. पात्यांच्या टोकांची चाकं जागेवर आहेत. पात्यांवर ओरखडासुद्धा नाही. तीनदा पाहिलं.

घरात बाबा बेसबॉल बघत होते. आवाजानंतर टीव्ही एकदम बंद झाल्यासारखा झाला, मग थोड्या वेळाने परत सुरू झाला. जाहिरात असेल.

१२ ऑगस्ट, सोमवार

गिरणीत कामावर जाण्याआधी, उजाडल्यावर, तीन बाण मारून बघितले. एक, दोन, काही झालं नाही. तिसऱ्याला ताण देतोय तोच बाबा आले, बनियनवरच, पायात बूट नाहीत.

"थांब. गादी न्यायचीय."

"आत्ता?"

"भुसा बसलाय आतला. बदलतो."

आणि सरळ निशाणाची गादी एका हाताने, दुखरा खांदा सांभाळत, ओढत शेडमध्ये घेऊन गेले. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरने ओझं उचलू नका म्हणून सांगितलंय!" ऐकतील तर शपथ. हट्टी माणूस.

न्याहारीला म्हणाले, "काल जरा वेगळाच आवाज आला."

"बाण शेडच्या फळीला लागला."

"हं." अंडं सोलून झाल्यावर, "कुठल्या फळीला?"

"खालच्या."

"हं."

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आईचा विसरभोळेपणा वाढलाय. बाथरूममधली कापसाची पिशवी शेडमध्ये माझ्या कामाच्या टेबलावर, धनुष्याच्या पेटीशेजारी ठेवलेली. विचारलं तर म्हणाली, "मी कशाला तिकडे येऊ? तिथे उंदीर आहेत."

पण कापूस हाताशी होताच, म्हणून बोळा घेऊन फिरवून बघितलं. वरचं पातं स्वच्छ. खालच्या पात्यावर, चाकापासून चार बोटांवर, एक धागा अडकला. एकच. तिथे कंपनीचा स्टिकर आहे. स्टिकरची कड असणार. परत फिरवला, परत तिथेच. स्टिकरच आहे.

धागा काढायचा राहिला, आईने जेवायला हाक मारली. नंतर गेलो तर नव्हता. वाऱ्याने उडाला असेल.

निशाणाची गादी अजून शेडमध्ये उघडी पडलीय. भुसा बदलायला एवढा वेळ? म्हणजे घरी सराव बंद. एका परीने बरंच आहे.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बाबा सकाळी म्हणाले, "धनुष्य गसकडे घेऊन जा. हंगामाआधी त्याच्या नजरेखालून जाऊ दे."

नाही कसं म्हणणार? नेलं. काउंटरपाशी माझ्या पुढे व्हॅन्स उभा.

"कोरा बार?" गसकाकांनी विचारलं.

"झाला की," व्हॅन्स हसत म्हणाला. "सकाळीच. ताण दिलेला, कुत्र्याने पोटरीला नाक लावलं आणि धडाम्. मी किंचाळलो, कुत्रा पळाला, शेजारची म्हातारी म्हणते पोलीस बोलावू का!"

अख्खं दुकान हसलं. कापूस फिरला आणि धागे अडकले, चांगले पाच-सहा. गसकाकांनी मान हलवली, "गेलं रे पोरा." हंगामाला तीन आठवडे उरलेले आणि धनुष्य गेलं, तरी हा गृहस्थ फळ्यावर स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहितोय, तेही दात काढत. स्वतःच्या मूर्खपणाची अशी दवंडी पिटणारा माणूस मी पाहिला नाही. आणि डेला त्याच्याकडे बघत होती. कशी, ते लिहवत नाही.

मग माझी पाळी. पेटी उघडली. डेला काउंटरच्या पलीकडे, हातात कापूस तसाच.

"कोरा बार, अँडर्स?" तिने विचारलं.

व्हॅन्स शेजारी उभा. मी म्हटलं, "माझ्याकडून? छे."

"मग एकदा ताण देऊन बघू," गसकाका म्हणाले आणि धनुष्य उचललं. चांगला डोळा दोरीशी आणला. बोटं दोरीवर.

मी हिसकावून घेतलं. अक्षरशः हिसकावलं. "राहू द्या काका, उशीर होतोय, गिरणीत पाळी आहे."

"गुरुवारी संध्याकाळी गिरणीत पाळी?" गसकाका म्हणाले.

"आहे."

डेलाने हातातला कापूस बरणीत टाकला आणि झाकण लावलं. तिचा चेहरा पडला होता. मी सरावाला थांबलो नाही याचं तिला वाईट वाटलं असणार. त्यातल्या त्यात एवढंच बरं.

घरी पोचलो तेव्हा गसकाकांचा बाबांना फोन चालू होता. बाबा नुसते "हं, हं" करत होते. सरपणाचं काहीतरी असेल.

मी खोटं बोललो हे कळतंय मला. पण मी ते त्यांच्या हातात राहू दिलं नाही ना? नाही दिलं. मग झालं तर.

३ सप्टेंबर, मंगळवार

घात झाला.

जेवताना बाबा म्हणाले, "डॉक्टर आज म्हणाला, हलका ताण चालेल. धनुष्याचा जोर कमी करून घेतो. उघडायच्या दिवशी सकाळी दोघांच्या मचाणावर जाऊ. सकाळी मी बसतो, संध्याकाळी तू."

घास तोंडातच राहिला. आई आनंदाने टाळ्या पिटायला लागली.

"धनुष्य ठीक आहे ना?" बाबांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, बटाटे कुस्करत.

"ठीक आहे."

"नक्की?"

"किती वेळा विचारता! ठीक आहे म्हणून सांगितलं ना एकदा!" मी खुर्ची मागे सारून उठलो. खुर्ची पडली. बाबांनी वाकून ती उचलली, दुखऱ्या हाताने.

मचाण पंधरा फुटांवर आहे. वर बसून ताण द्यायचा, गाल दोरीला टेकलेला. पात्यापासून डोळा किती लांब असतो, मी आज पट्टीने मोजलं.

८ सप्टेंबर, रविवार

उपाय सापडला होता. पेटी गाडीमागे ठेवायची, गाडी मागे घ्यायची. "अरेरे, दिसलीच नाही." शिव्या खाईन, पण कोणाचा डोळा जाणार नाही, आणि सांगावंही लागणार नाही.

चर्चहून आल्यावर सगळे आत असताना पेटी मागच्या चाकापाशी ठेवली. गाडी सुरू केली. गिअर टाकला. मग एकदा बघावं म्हणून उतरलो आणि पेटी उघडली. मुठीवर बाबांनी निळी चिकटपट्टी गुंडाळलीय, अंगठ्याच्या जागी झिजून पांढरी झालेली. माझा अंगठा तिथे ठेवला. बरोबर बसला.

किती वेळ तसाच बसलो कोण जाणे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाबांनी विचारलं, "गाडी चालूच ठेवणार आहेस का? पेट्रोल जळतंय."

गाडी बंद केली. पेटी उचलून शेडमध्ये ठेवली. मी इतका भित्रा आहे, हे मला माहीत नव्हतं. रागीट माणूस भित्रा नसतो असं मला आजवर वाटत होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

हंगामाआधीचा शेवटचा सराव. बाबा स्वतः आले. पेटी त्यांच्याच हातात. एप्रिलनंतर पहिल्यांदा आले म्हणून सगळे भोवती जमले, पाठीवर थापा, "खांद्यावर नको रे थापा, गाढवांनो!" डेला होती, व्हॅन्स होता, एक उसनं धनुष्य घेऊन.

गसकाका बाकावर बसलेले. म्हणाले, "आर्लन. कोरा बार?"

बाबा म्हणाले, "महिनाभर पोराकडे होतं. त्याला विचार."

गसकाकांचा तो एक डोळा माझ्याकडे वळला. सगळ्यांचेच वळले. मी खाली बघितलं. माझ्या बुटावर, बाण पडला होता त्या ठिकाणी.

"नाही," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. पेटीतून धनुष्य काढलं. बाण काढला. दोरीवर चढवला. टक्. मैदानभर ऐकू आलं. रेषेवर जाऊन उभे राहिले, पाय रोवले, धनुष्य उचललं. कान एवढे लाल का झालेत यांचे, असं मनात आलं, आणि मग दिसलं की त्यांचा गाल दोरीपासून वीतभर लांब आहे आणि तो जवळ येणार आहे.

"थांबा!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. धावत जाऊन त्यांच्या समोर उभा राहिलो, बाणाच्या समोर. हे कोणी करत नाही. लहान पोरंसुद्धा करत नाहीत.

"झालाय. कोरा बार. अकरा ऑगस्टला. मी केला. कापूस अडकतो, खालच्या पात्याला, स्टिकर नाहीय तो. मी काकांना खोटं सांगितलं, तुम्हाला खोटं सांगितलं, आत्तासुद्धा. ओढू नका, बाबा. ओढू नका."

मी रडत होतो असं व्हॅन्स नंतर म्हणाला. मला आठवत नाही.

बाबांनी धनुष्य खाली केलं. बाण काढून भात्यात ठेवला, सावकाश. मग एवढंच म्हणाले, "बाणासमोर उभं राहायचं नसतं, अँडी."

अँडी त्यांनी मला चौथी-पाचवीनंतर कधी म्हटलं नव्हतं.

डेला कापूस घेऊन आली. बोळा फिरवला, धागे अडकले. आता एक नाही, बोटभर झुपका. ती माझ्याकडे वळली. "माझे बाबा ते ओढणार होते, अँडर्स. एकच डोळा उरलाय त्यांना. आणि तू गिरणीची पाळी सांगत होतास."

"मी हिसकावलं ना..."

"हो. हिसकावलंस. तोंडाने बोलायला काय झालं होतं?"

काय झालं होतं? तू व्हॅन्सकडे बघत होतीस, हे झालं होतं. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर किती लहान वाटलं असतं, हे उभ्या-उभ्याच कळलं.

दुकानात जाऊन तिने फळ्यावर माझं नाव लिहिलं. अकरा ऑगस्ट. मग बारा सप्टेंबर. फळ्यावर एवढी लांब उडी कोणाचीच नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवटी व्हॅन्स शेजारी येऊन म्हणाला, "माझं अक्षर तुझ्या तारखांपेक्षा वाईट आहे, त्याने तरी बरं वाटून घे." मला त्याला एक ठोसा मारावासा वाटला, आणि हसूही आलं. चांगला माणूस आहे. हे लिहिताना दात दुखताहेत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गिरणीतून येताना दुकानात गेलो. गसकाकांसमोर जाऊन उभा राहिलो. माफी कशी मागायची हे पाठ केलं होतं, सगळं विसरलो. म्हटलं, "काका, तुमचा डोळा..."

"आहे अजून," ते म्हणाले. "हे घे. तुझ्या बापाला दे. माझं जुनं, हलकं आहे. आणि विचार."

"काय विचारू?"

"अरे, माझं धनुष्य आहे. विचार की!"

मी विचारलं, "कोरा बार?"

"एकदा. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. त्याच दिवशी सांगितला. बायकोला."

डेला आत पिसं चिकटवत होती. तिने मान वर केली, खाली घातली. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. आधीही नव्हतं बहुतेक. मी कॉलेजमधून दर शनिवारी दीड तास गाडी चालवत याच दारात यायचो, आणि ती दर वेळी विचारायची, "काय देऊ?" कोणत्याही गिऱ्हाईकाला विचारावं तसं. तिने कधीच काही वेगळं म्हटलं नव्हतं. ऐकणारा मीच होतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

उजाडायच्या आत दोघं मचाणावर चढलो. बाबांच्या मांडीवर गसकाकांचं धनुष्य, बाण चढवलेला. थर्मासमधली कॉफी. ओकच्या पानांवर दव. मी जाड जॅकेट विसरलो होतो. बाबांनी न बोलता स्वतःचं काढून दिलं, परवाचंच, मैदानावर घातलेलं. त्यांनी दोन स्वेटर घातले होते.

हात गरम करायला खिशात घातले तर उजव्या खिशात त्यांचा खटका. पट्ट्यासकट, नीट गुंडाळून ठेवलेला. दुसरा, नवाच, आज त्यांच्या मनगटावर होता. गेल्या आठवड्यात टपालाने आलेला.

खटक्याशिवाय ते ताण देत नाहीत. बोटांनी कधीच नाही, बोटं ग्रेडरवर मोडलेली आहेत. परवा मैदानावर त्यांच्या मनगटाला काय होतं, हे मी आठवून बघितलं. या जॅकेटची बाही होती. नुसती बाही.

विसरले असतील. पण बाबा काही विसरत नाहीत.

दुसऱ्या खिशात कापूस होता, अर्धा बोळा.

"बाबा," मी म्हटलं. "गुरुवारी हा खिशातच होता?"

"हळू बोल," ते म्हणाले. "हरणं यायची वेळ आहे."

मग मी हळू बोललो. फ्रीजवरच्या पत्रात काय आहे ते सांगितलं. मास्तर मूर्ख नव्हते. पहिल्या परीक्षेत नापास झालो, दुसरीला गेलोच नाही, रोज कॉलेजच्या आवारात गाडीत बसून राहायचो, काचा वर करून, संध्याकाळपर्यंत. शनिवारी दुकानात यायला मिळायचं, तेवढ्यावर आठवडा काढायचो. हे सगळं समोरच्या झाडांकडे बघत सांगितलं. ते मध्ये एकदाही "हं" म्हणाले नाहीत.

संपलं तेव्हा ऊन पार खालच्या झुडपांपर्यंत उतरलं होतं. कॉफी गार झालेली.

मी म्हटलं, "एकही हरीण आलं नाही."

"आलं होतं," बाबा म्हणाले. "आठ टोकांच्या शिंगांचा नर. त्या सफरचंदाखाली चांगला दहा मिनिटं उभा होता. वीस यार्डसुद्धा नव्हतं."

"मग?"

त्यांनी बाण दोरीवरून काढला, भात्यात खोचला आणि थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"तू दुसऱ्या परीक्षेपर्यंत आला होतास," ते म्हणाले.